भूदृश्याच्या अभ्यासकांनी भेटावे कोठे?

पर्यावरणविषयक एखाद्या वैज्ञानिक संघटनेने आपल्या आगामी परिषदेची तारीख जाहीर केली, की अलीकडे एक वाद हमखास सुरू होतो. एक बाजू विचारते, की तापमानवाढीचे इशारे देणाऱ्यांनीच शेकड्यांनी विमानात बसून दूरच्या शहरात जमावे, हे त्यांना शोभते का? दुसरी बाजू उत्तर देते, की माणसे समोरासमोर आल्यावाचून विज्ञान पुढे सरकत नाही आणि पडद्यावरची भेट ही खरी भेट नव्हे. पहिली बाजू नैतिकतेची भाषा बोलते, दुसरी अनुभवाची. आणि दोन्ही बाजू जगात 'परिषद' नावाची एकच एक वस्तू असल्याप्रमाणे बोलतात. खंड ओलांडून येणारा संशोधक आणि अर्ध्या दिवसाच्या रेल्वेप्रवासाने येणारा संशोधक, वीस-पंचवीस हजारांचा मेळावा आणि काही शेकड्यांची बैठक, यांत फरक करण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. इतर शास्त्रांतील मंडळींनी असा गोंधळ केला, तर तो एक वेळ समजून घेता येईल. पण भूदृश्य परिस्थितिकी, म्हणजे ज्याला सर्रास 'लँडस्केप इकॉलॉजी' म्हटले जाते ते शास्त्र, उभेच आहे या जाणिवेवर, की एखादा प्रश्न किती विस्ताराच्या क्षेत्रावर आणि किती बारकाईने पाहिला, यावर त्याचे उत्तर बदलते. त्याच शास्त्राच्या अभ्यासकांनी स्वतःच्या भेटीगाठींचा विचार करताना हे प्रमाणाचे भान बाजूला ठेवावे, हे विचित्र आहे.

येथे जी भूमिका मांडायची आहे ती आधीच स्पष्ट करणे बरे. या शास्त्राच्या प्रादेशिक संघटनांच्या, विशेषतः 'आयएएलई' या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 'आयएएलई-युरोप' या युरोपीय शाखेसारख्या संघटनांच्या, परिषदा प्रत्यक्षच भरल्या पाहिजेत. मात्र आज त्या ज्या स्वरूपात भरतात त्याचे पूर्ण समर्थन करता येत नाही. बंद सभागृहात पंधरा मिनिटांचे निबंध एकामागून एक वाचले जाणे हा परिषदेचा गाभा असेल, तर तो उद्याच ऑनलाइन नेला तरी कोणाचे काही बिघडणार नाही. प्रत्यक्ष जमण्याचे खरे कारण शिवारफेरी हे आहे: ज्या नदीकाठाबद्दल, कुरणाबद्दल किंवा जंगलाच्या तुकड्याबद्दल बोलायचे, त्याच्या काठावर उभे राहून निरनिराळ्या विद्यांच्या आणि निरनिराळ्या देशांच्या माणसांनी वाद घालणे. आणि हे काम प्रादेशिक संघटनेइतके नीट दुसरे कोणी करू शकत नाही. जागतिक संघटना त्यासाठी फार मोठी पडते आणि राष्ट्रीय शाखा बहुधा फार लहान.

या शास्त्राला नाव मिळाले १९३९ मध्ये. कार्ल ट्रोल या जर्मन भूगोलज्ञाने ते दिले, आणि त्याला ते सुचले विमानातून घेतलेल्या छायाचित्रांचा अभ्यास करताना. (विमानप्रवासावरून चाललेल्या आजच्या वादात या योगायोगाची आठवण कोणी काढत नाही.) मात्र नावाभोवती संघटना उभी राहायला चार दशके जावी लागली. १९८१ मध्ये नेदरलँड्समधील व्हेल्डहोव्हन येथे पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये 'आयएएलई' ही आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली ती तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातील पिएश्त्यानी या गावी. हे स्थळ लक्षात घेण्याजोगे आहे. शीतयुद्ध ऐन भरात होते, आणि पश्चिमेकडील संशोधकांना आपली संघटना आपल्याच एखाद्या विद्यापीठात स्थापन करणे कितीतरी सोपे गेले असते. तरीही ती लोखंडी पडद्याच्या पलीकडे स्थापन झाली, कारण स्लोव्हाक अभ्यासक साठच्या दशकापासून जमिनीच्या वापराचे नियोजन आणि परिस्थितिकी यांची सांगड घालण्याचे काम करीत होते आणि त्या कामाकडे दुर्लक्ष करून या विषयाची संघटना काढणे हास्यास्पद ठरले असते. पत्रव्यवहार आणि निबंधांच्या प्रतींची देवघेव तेव्हाही चालूच होती. तेवढ्याने भागत असते, तर सरहद्द ओलांडण्याचा खटाटोप कोणी केला असता का?

आता विरोधी बाजूचे सर्वांत बळकट मुद्दे. पहिला कार्बनचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या अमेरिकन जिओफिजिकल युनियनच्या वार्षिक अधिवेशनाचा हिशेब संशोधकांनी मांडला आहे. सुमारे २८,००० प्रतिनिधी आले, सर्वांचा मिळून प्रवास २८ कोटी किलोमीटरांहून अधिक झाला आणि त्यातून सुमारे ८०,००० टन कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन झाले; म्हणजे एका आठवड्यासाठी माणशी जवळजवळ तीन टन. पृथ्वीविज्ञानाच्या अभ्यासकांना हा आकडा अस्वस्थ करीत नसेल, तर त्यांच्या इतर आकड्यांवर लोकांनी विश्वास का ठेवावा? हा प्रश्न रास्त आहे. पण तोच हिशेब थोडा आत शिरून पाहिला, तर त्यातून निघणारा निष्कर्ष 'परिषदा बंद करा' असा निघत नाही. त्या उत्सर्जनाचा फार मोठा वाटा खंडांतर करणाऱ्या लांब पल्ल्याच्या उड्डाणांचा होता. म्हणजे दोष एकत्र येण्यात नसून अंतरात आहे, आणि अंतर हा परिषदेचा अटळ गुणधर्म नाही. तो परिषदेचे क्षेत्र आणि स्थळ ठरवणाऱ्यांच्या हातात असतो. युरोपात साल्झबर्ग, मँचेस्टर, गेन्ट, वॉर्सा आणि ब्रातिस्लाव्हा या ज्या शहरांत २००९ ते २०२५ या काळात भूदृश्य परिस्थितिकीच्या युरोपीय परिषदा योजल्या गेल्या, ती सगळी रेल्वेच्या जाळ्यात आहेत. तेथे येणाऱ्यांपैकी किती जण प्रत्यक्षात रेल्वेने येतात हा वेगळा प्रश्न, आणि तो संघटनेने आपल्या सभासदांना खडसावून विचारावा. पण ज्या परिषदेला आगगाडीने जाता येते तिला आणि ज्या परिषदेला महासागर ओलांडावा लागतो तिला एकाच मापाने मोजणे म्हणजे विचार टाळणे होय.

दुसरा मुद्दा प्रवेशाचा, आणि माझ्या मते तो कार्बनपेक्षाही अवघड आहे. २०२० च्या मे महिन्यात 'आयएएलई'च्या उत्तर अमेरिकी शाखेची वार्षिक बैठक टोरोंटोला भरायची होती. महासाथीमुळे ती ऑनलाइन घ्यावी लागली. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी जगभर जे घडले त्यातून एक गोष्ट नाकारता येण्याजोगी राहिली नाही: जे पूर्वी कधी परिषदांना दिसत नव्हते, असे पुष्कळ लोक पडद्यावर दिसू लागले. लहान मुलांचे किंवा वृद्धांचे करणारे, व्हिसासाठी महिनोन्‌महिने थांबूनही नकार मिळणारे, प्रवासखर्च आणि नोंदणी शुल्क ज्यांच्या संस्थेला पेलत नाही असे विद्यार्थी, प्रकृतीमुळे प्रवास न करू शकणारे. पुन्हा प्रत्यक्ष परिषदांकडे वळताना या लोकांना बाहेर लोटले जाते, हे खरे आहे, आणि 'समोरासमोर भेटण्याची मजाच वेगळी' असे म्हणणाऱ्यांना ती मजा कोणाच्या वाट्याला येते हे विचारलेच पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या ज्या अभ्याससहलींचे दाखले पुढे द्यायचे आहेत, त्यांतही मोजकी, सुस्थितीतली, वेळ हाताशी असलेली माणसेच होती, हेही येथेच मान्य करून टाकतो.

पण या मुद्द्यातून काय सिद्ध होते? एवढेच, की भाषण ऐकणे, निबंध वाचणे, भित्तिपत्रक पाहणे, प्रश्न विचारणे, या गोष्टी सर्वांना कोठूनही करता आल्या पाहिजेत. ते मान्यच आहे, आणि त्यासाठी परिषदेच्या आठवड्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. वर्षभर दर महिन्याला ऑनलाइन सत्रे भरवता येतील, तीही विनाशुल्क. 'हायब्रिड' नावाची जी तडजोड सध्या लोकप्रिय आहे ती मात्र दोन्हीकडून फसते. सभागृहातील लोक पडद्यावरच्यांना विसरतात, पडद्यावरचे तासाभरात दुसऱ्या कामाला लागतात, आणि आयोजकांना खर्च दोन परिषदांचा येतो. पडद्यावर जे नेता येते ते पूर्णपणे तेथे न्यावे; आणि जे नेता येत नाही त्यासाठीच माणसांना घराबाहेर काढावे. तसे केले तर प्रत्यक्ष परिषद लहान होईल, हे खरे. ती व्हावीच.

मग पडद्यावर काय नेता येत नाही? १९११ च्या ऑगस्टमध्ये आर्थर टॅन्स्ले या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने युरोप-अमेरिकेतील वनस्पतिशास्त्रज्ञांची एक सहल ब्रिटिश बेटांवर हिंडली. अमेरिकेतून फ्रेडरिक क्लेमेंट्स आणि हेन्री कौल्स आले होते, स्वित्झर्लंडहून कार्ल श्रोटर. प्रत्येकाने आपापल्या देशातील वनस्पतिसमूहांवरून सिद्धान्त रचले होते, आणि त्या सिद्धान्तांना आता परक्या जमिनीवर उत्तरे द्यावी लागली. ज्या ब्रिटिश समितीने ही सहल आखली तिचेच रूपांतर १९१३ मध्ये ब्रिटिश इकॉलॉजिकल सोसायटीत झाले, परिस्थितिकीची जगातील पहिली संघटना म्हणून. १९१५ मध्ये निघालेल्या अमेरिकी संघटनेच्या संस्थापकांत कौल्स होते. म्हणजे या शास्त्रात आधी शिवारफेरी झाली आणि संघटना मागाहून आली. या फेरीने सर्वांचे एकमत झाले, असे मात्र कोणी समजू नये. १९३५ मध्ये टॅन्स्ले यांनी 'इकोसिस्टिम' ही संकल्पना मांडली ती क्लेमेंट्सप्रणीत कल्पनांच्या विरोधातच. पण ज्याच्याबरोबर चिखल तुडवला आहे त्याच्याशी केलेला मतभेद आणि ज्याचे फक्त निबंध वाचले आहेत त्याच्याशी केलेला मतभेद, यांत फरक असतो: पहिल्यात दोघांनाही ठाऊक असते, की दुसऱ्याने नेमके काय पाहिले होते.

यावर कोणी म्हणेल, की शंभर वर्षांपूर्वी उपग्रह नव्हते. आज दहा मीटरच्या बारकाईने सबंध युरोपची प्रतिमा काही दिवसांच्या अंतराने कोणालाही फुकट मिळते, मग जमिनीवर जायचे कशाला? या आक्षेपात तथ्य आहे आणि या शास्त्राची निम्मी प्रगती त्याच प्रतिमांवर झाली आहे. तथापि प्रतिमेत कुंपणाची झाडी दिसते. ती कोणाच्या मालकीची आहे, तिची छाटणी कोणी थांबवली, अनुदानाच्या कोणत्या नियमामुळे ती तोडणे फायद्याचे ठरले, हे दिसत नाही. फ्रान्सच्या पश्चिमेकडील 'बोकाज' प्रदेशात दुसऱ्या महायुद्धानंतर जमिनींचे एकत्रीकरण झाले आणि शेतांमधल्या झाडीच्या कुंपणांचे जाळे मोठ्या प्रमाणात उखडले गेले. त्या प्रक्रियेचा अर्थ लावण्यासाठी १९७६ मध्ये रेन येथे जी चर्चा झाली तिला परिस्थितिकीचे अभ्यासक होते, तसेच इतिहासकार, कृषिशास्त्रज्ञ आणि अर्थशास्त्रज्ञही होते. एखाद्या भूदृश्याचे दुखणे एका विद्येच्या हाती लागत नाही, आणि निरनिराळ्या विद्यांची माणसे एकमेकांचे निबंध सहसा वाचत नाहीत. ती एकाच बांधावर उभी केली, तरच एकमेकांना प्रश्न विचारतात.

या बाबतीतला सर्वांत बोलका दाखला मला ९ डिसेंबर १९८९ चा वाटतो. बर्लिनची भिंत पडून बरोबर एक महिना झाला होता. बव्हेरियातील होफ या सरहद्दीजवळच्या गावी पूर्व आणि पश्चिम जर्मनीतील निसर्गरक्षकांची बैठक बोलावण्यात आली. येतील ते काही डझन, असा अंदाज होता. आले चारशेच्या आसपास. दोन जर्मनींमधील सरहद्दीचा सुमारे १,४०० किलोमीटरांचा पट्टा चार दशके माणसांना वर्ज्य राहिल्यामुळे तेथे दुर्मिळ पक्षी, कीटक आणि वनस्पती टिकून होत्या, हे काही पक्षिनिरीक्षकांनी नोंदवून ठेवले होते, पण प्रत्येकाला आपल्याच बाजूचे दिसत होते. त्या दिवशी दोन्ही बाजूंच्या नोंदी प्रथमच एका टेबलावर आल्या आणि हा पट्टा 'हरितपट्टा' म्हणून राखावा असा ठराव तेथल्या तेथे संमत झाला. आज बॅरेन्ट्स समुद्रापासून काळ्या समुद्रापर्यंत १२,५०० किलोमीटरांहून लांब अशा युरोपीय हरितपट्ट्याची जी कल्पना राबवली जाते तिची मुळे त्या ठरावात आहेत. ही बैठक जागतिक नव्हती, कारण जगाला त्या पट्ट्याशी कर्तव्य नव्हते. ती राष्ट्रीय नव्हती, कारण तेव्हा राष्ट्रे दोन होती. ती विद्वानांपुरती नव्हती. हौशी निरीक्षक, कार्यकर्ते, गावकरी असे लोक तेथे होते. आणि ती लांबवर, एखाद्या राजधानीतील सोयीस्कर सभागृहात भरली नाही, तर पट्ट्याच्या कडेला भरली. प्रादेशिक परिषद कशी असावी याचे याहून चांगले वर्णन मला करता येणार नाही.

हेच प्रमाण आजही का लागते? डॅन्यूब दहा देशांतून वाहते. पोलंड आणि बेलारूस यांच्या सरहद्दीवरील बियावोव्हिएझाच्या प्राचीन अरण्यातून २०२२ मध्ये पोलंडने उभारलेले पोलादी कुंपण गेले. सबंध सरहद्दीवरची त्याची लांबी १८६ किलोमीटर आहे. स्थलांतरितांच्या प्रश्नावर उभारलेल्या या कुंपणाने लिंक्ससारख्या (हे एक मोठे रानमांजर) मोठ्या क्षेत्रात वावरणाऱ्या प्राण्यांच्या वाटा अडवल्या. पलीकडे सोव्हिएत काळातील कुंपण आधीपासून होते, हे खरे. म्हणजे दोष एकाच देशाचा नाही. पण जो प्राणी दोन देशांत मिळून जगतो त्याचे गणित एका देशाच्या अभ्यासकांना मांडता येत नाही, आणि जागतिक परिषदेत हा विषय शेकडो सत्रांतल्या एका सत्रातला एक निबंध म्हणून येतो आणि जातो.

त्यात आता कायद्याची भर पडली आहे. युरोपीय संघाचा निसर्ग पुनर्स्थापना कायदा १८ ऑगस्ट २०२४ पासून अमलात आला. २०३० पर्यंत संघाच्या किमान २० टक्के भूभागावर आणि २० टक्के सागरी क्षेत्रावर पुनर्स्थापनेचे उपाय योजायचे, किमान २५,००० किलोमीटर नद्या अडथळ्यांपासून मोकळ्या करायच्या, अशी उद्दिष्टे त्यात आहेत. शेतजमिनींसाठी जे तीन निर्देशक दिले आहेत त्यांपैकी एक तर थेट या शास्त्राच्या अंगणातला आहे: बांध, झाडी, तळी, पडीक पट्टे यांसारख्या जैवविविधतेने समृद्ध घटकांचा शेतीक्षेत्रातील वाटा. (उरलेले दोन म्हणजे गवताळ प्रदेशातील फुलपाखरे आणि मातीतील सेंद्रिय कार्बन.) प्रत्येक सदस्य देशाने आपापला आराखडा करायचा आहे, मसुद्यासाठी दोन वर्षांची मुदत कायद्यानेच घातली. आराखडे राष्ट्रीय, नद्या आणि प्राणी मात्र सरहद्दी न मानणारे: या दोहोंमधली फट भरून काढण्याची जबाबदारी कोणाची? सरकारे आपापल्या मुदतीत अडकलेली असतात. ही फट दिसण्याइतकी दृष्टी आणि ती बोलून दाखवण्याइतके स्वातंत्र्य ज्यांच्याकडे आहे अशा फार थोड्या संस्थांत प्रादेशिक वैज्ञानिक संघटना मोडते.

आणि येथेच त्या संघटनांबद्दल माझी तक्रार आहे. अशा बहुतेक संघटनांची वार्तापत्रे चाळली तर आगामी परिषदांच्या याद्या, सारांश पाठवण्याच्या मुदती, पारितोषिकांसाठी अर्जांची आवाहने यांनी ती भरलेली आढळतात. होणाऱ्या परिषदेची घोषणा चारदा होते. झालेल्या परिषदेत काय ठरले, कोणत्या प्रश्नावर दोन गट पडले, शिवारफेरीत स्थानिक वनाधिकाऱ्याने कोणता आक्षेप घेतला, याचा वृत्तान्त मात्र चार छायाचित्रांत आटोपतो. ज्यांना येता आले नाही त्यांच्याबद्दल संघटनेला खरोखर कळवळा असेल, तर तो या वृत्तान्तात दिसला पाहिजे. शिवाय बऱ्याच परिषदांत शिवारफेरी म्हणजे आठवड्याच्या मधला ऐच्छिक दिवस, वेगळे शुल्क भरून, दुपारच्या जेवणासह. गाभ्याला असे परिशिष्टात ढकलल्यावर मग 'हे सगळे ऑनलाइन का होत नाही?' असे कोणी विचारले, तर त्याच्यावर रागावण्यात काय अर्थ?

एक गंभीर आक्षेप उरतो. प्रादेशिक परिषदांवर भर देणे म्हणजे श्रीमंत युरोपने आपला दरवाजा लावून घेणे नव्हे काय? 'आयएएलई'ची जागतिक परिषद दर चार वर्षांनी भरते. म्युन्स्टर, ओटावा, तुलूझ, स्नोमास, डार्विन, वाखेनिंगेन, बीजिंग, पोर्टलंड, मिलान अशी वाट चालत ती आफ्रिकेत, नैरोबीला, पोहोचली ती २०२३ मध्ये. म्युन्स्टरपासून तोपर्यंत छत्तीस वर्षे गेली होती. आता कोठे ती तेथे पोहोचली, आणि एवढ्यात तिचे महत्त्व कमी करायचे? हा आक्षेप मला टोचतो. पण त्याच यादीकडे पुन्हा पाहावे. केवळ जागतिक परिषदेच्या भरवशावर राहिलेल्या पूर्व आफ्रिकेतील संशोधकाला आपल्या खंडात एक परिषद मिळायला छत्तीस वर्षे लागली. त्यानंतरची तेथे केव्हा येईल हे कोण सांगणार? त्याच्या गवताळ प्रदेशांबद्दल, त्याच्या शेजारी देशांतील सहकाऱ्यांशी, नियमितपणे बोलण्याची सोय करायची असेल, तर त्याच्या प्रदेशाची स्वतःची सशक्त संघटना हवी, आणि तिच्यासाठी पैसा हवा. युरोपातील सभासदांनी महासागरापारच्या परिषदांवरचा खर्च कमी केला, तर वाचलेल्या निधीचा काही भाग तिकडे देण्याचे बंधन ते स्वतःवर घालून घेऊ शकतात. दरवाजा लावून घेण्याचा आरोप तेव्हाच खरा ठरेल, जेव्हा हे बंधन कोणी घालून घेणार नाही. जागतिक परिषद दर चार वर्षांनी भरत राहावी. तिच्याकडून शिवारफेरीच्या कामाची अपेक्षा तेवढी करू नये.

बदल काही फार मोठे लागत नाहीत. २०२५ च्या युरोपीय परिषदेसाठी निवडलेल्या ब्रातिस्लाव्हाचेच उदाहरण घ्या. संघटनेचे जन्मगाव पिएश्त्यानी तेथून सुमारे ऐंशी किलोमीटरवर आहे. शहराच्या कडेला देवीनजवळ मोराव्हा नदी डॅन्यूबला मिळते. तिच्याच पात्रातून एके काळी लोखंडी पडदा गेला होता, आणि आज तिच्या पूरमैदानांचे पाणथळ क्षेत्र ऑस्ट्रिया, चेकिया आणि स्लोव्हाकिया या तीन देशांचे मिळून पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे. अशा ठिकाणी परिषद घ्यायची, तर पाच दिवसांपैकी तीन दिवस पूरमैदानात काढावेत. तिन्ही देशांचे पुनर्स्थापना आराखडे शेजारी शेजारी ठेवून, नदीच्या एकाच वळणाबद्दल ते काय म्हणतात ते तेथेच वाचावे. आणि तेथल्या शेतकऱ्यांना, मच्छीमारांना, नगरपालिकेच्या अभियंत्यांना आणि वनरक्षकांना नोंदणी शुल्क न घेता, दुभाष्यासह, वक्ते म्हणून बोलवावे. निबंध महिनाभर आधी ऑनलाइन वाचून झालेले असावेत. तीन-चार वर्षांनी पुढची परिषद दुसरीकडे भरेल तेव्हा तिच्या पहिल्या सत्रात या वळणाचे पुढे काय झाले, कोणाचा आराखडा बदलला आणि कोणाचा नाही, हे त्याच वनरक्षकाने किंवा अभियंत्याने येऊन सांगावे, आणि त्याच्या रेल्वेचे तिकीट संघटनेने काढावे.